दोन लढायांच्या मधलं अंतर

"टेन पण सरळ रेषाच होता ना, मग शिव्या फक्त थर्टीनलाच का?" फायनल फँटसी ही जपानी गेममालिका खेळणारे चार जण एकत्र आले की अर्ध्या तासात कोणीतरी तिच्या दहाव्या आणि तेराव्या भागाबद्दल हे विचारतोच, कारण दोन्हींत रस्ता बराच वेळ सरळ पुढेच जातो. आणि गंमत म्हणजे विचारणारा बरोबर असतो, उत्तर देणारेच गडबडतात. कोणी म्हणतं टेनची गोष्ट चांगली होती म्हणून रस्ता खपून गेला, कोणी म्हणतं तेव्हा आपण लहान होतो म्हणून. मग एक हिशेबी माणूस पुढे येतो आणि मार्क वाटायला बसतो. कॉम्बॅटला (लढाईला) इतके, एक्सप्लोरेशनला (फिरण्याला) इतके, म्युझिकला इतके, करा बेरीज. थर्टीनला कॉम्बॅटमध्ये जास्त, टेनला एक्सप्लोरेशनमध्ये थोडे जास्त, शेवटी दोघं सारखेच, म्हणजे तुम्ही सगळे नॉस्टॅल्जियात वाहवत गेलाय, विषय संपला. मी हा वाद इतक्यांदा ऐकलाय की आता मला चिडही येत नाही, फक्त वाटतं की आपण मोजतोय तेच मुळात चुकीचं मोजतोय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जपानी आरपीजीमध्ये, म्हणजे पात्रांची ताकद वाढवत गोष्ट खेळायच्या गेममध्ये, कॉम्बॅट आणि एक्सप्लोरेशन यांना वेगवेगळे मार्क देताच येत नाहीत. लढाई संपल्यावर तुमच्याकडे काय शिल्लक राहिलं आणि ते घेऊन पुढे किती चालायचंय, हा खरा गेम असतो. लढाईचा चालण्यावर परिणाम होत नसेल आणि चालण्याचा लढाईवर होत नसेल, तर दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या कितीही भारी असल्या तरी त्यातली एक हळूहळू शोभेची होते. बहुतेक वेळा चालणं शोभेचं होतं, कधीकधी लढाई होते. टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली) की अ‍ॅक्शन, लिनिअर (सरळ रस्ता) की ओपन वर्ल्ड (मोकळं जग), ही भांडणं यानंतरची आहेत.

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही, या जातीचा जन्मच असा झालाय. १९८१ साली अमेरिकेत दोन कॉम्प्युटर गेम गाजत होते, विझर्ड्री आणि अल्टिमा. विझर्ड्रीत अंधारं भुयार, समोर राक्षसाचं चित्र आणि खाली कमांडची यादी. अल्टिमात वरून दिसणारा नकाशा, गावं, समुद्र, मोकळं फिरणं. युजी होरी या माणसाने दोन्ही खेळले होते आणि १९८६ साली ड्रॅगन क्वेस्टमध्ये त्याने दोन्हींची सांगड घातली, चालणं अल्टिमाकडून घेतलं आणि लढणं विझर्ड्रीकडून. आता कोणी म्हणेल की बघा, म्हणजे वेगळ्याच होत्या ना दोन गोष्टी, तूच सांगतोयस. हो, वेगळ्या होत्या, पण होरीचं काम फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचं नव्हतं. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये राजाच्या किल्ल्यातून बाहेर पडलात की पाण्यापलीकडे शेवटच्या शत्रूचा किल्ला दिसतो, पहिल्याच मिनिटाला. तिथे पोचायला मात्र अख्खं जग फिरून यावं लागतं. मध्ये पूल आहेत आणि पूल ओलांडला की राक्षस एकदम तगडे होतात, कोणी सांगत नाही, बोर्ड लावलेला नाही, पहिल्या दोन लढायांतच अंगावर येऊन कळतं की आपण आपल्या लायकीबाहेर आलोय. मेलात तर राजापुढे उभे राहता, अनुभव तसाच राहतो पण निम्मं सोनं गेलेलं असतं. म्हणजे पुलापलीकडे प्रत्येक पावलाला एक प्रश्न असतो: अजून एक लढाई झेपेल का, की आता मागे फिरायचं? इतक्या साध्या कॉम्बॅटमध्ये, जिथे एकास एक मारामारी आहे आणि मारा किंवा बरे व्हा यापलीकडे फारसं काही नाही, इतका ताण कुठून येतो? अर्थात पुलापासून गावापर्यंतच्या अंतरातून. ते अंतर काढून टाका आणि तीच लढाई खेळून बघा, दोन मिनिटांत जांभई येईल.

विझर्ड्री तर याहून निर्दय. तिथे खोल भुयारात अख्खी पार्टी मेली तर ती तिथेच पडून राहते, तुम्ही नवी माणसं तयार करून त्यांना खाली पाठवायचं आणि जुन्यांची प्रेतं वर आणायची. मला हे खेळायला आवडेल असं मी म्हणत नाहीये, पण लढाई आणि वाट एकच आहे हे यापेक्षा ठसठशीतपणे कोणी सांगितलंय का?

आणि युद्धाचा इतिहास वाचणाऱ्याला तर यात नवीन काहीच वाटू नये. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते त्या एका दिवसात ठरलं का? अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीकडची वाट अडवली, रसद तुटली, महिनोन्‌महिने छावणीत उपासमार झाली, आणि मग अर्धपोटी सैन्य लढायला बाहेर पडलं. त्या दिवसाच्या डावपेचांवर आपण आजही तावातावाने बोलतो, पण कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, तो आधी रसदेबद्दल बोलेल. मग गेमबद्दल बोलताना आपण रसद सोडून फक्त तलवारबाजीला मार्क का देतो?

आता टेन आणि थर्टीनकडे येतो, कारण ही जोडी म्हणजे प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केल्यासारखी आहे. टेन २००१ चा, थर्टीन जपानमध्ये २००९ चा. दोन्हींत तुम्ही बराच वेळ एका अरुंद रस्त्याने पुढे पुढे जाता, दोन्हींत फिरायला जुन्या पद्धतीचा वर्ल्ड मॅप नाही, टेनमधलं विमान म्हणजे तर सरळसरळ ठिकाणांची यादी आहे. नकाशाचा आकार बघितला तर प्रश्न विचारणारा शंभर टक्के बरोबर आहे. पण त्या रस्त्यावर होतं काय?

टेनमध्ये उडणारा शत्रू आला की वाक्का हा साथीदार लागतो, जेलीसारखे फ्लॅन आले की लुलूची जादू, कठीण कवचाचे आले की ऑरॉन, चपळ लांडगे आले की टीडस. लढाईच्या मध्येच माणूस बदलायला वेळ जात नाही, आणि लढाईत ज्याने एक तरी चाल केली त्यालाच पॉइंट मिळतात, म्हणून तुम्ही सगळ्यांना आलटून पालटून आत आणता. बाजूला पुढच्या चालींची रांग दिसत असते. या लढाया सोप्या असतात, मान्य, पण लुलूचा एमपी, म्हणजे जादूचा साठा, संपत जातो, औषधं संपत जातात, आणि सेव्ह स्फिअर, म्हणजे गेम जतन करायचा गोळा, येईपर्यंत एमपी आपोआप भरत नाही. स्फिअरला हात लावला की सगळ्यांचा एचपी (जीवशक्ती) आणि एमपी भरतो. त्यामुळे मीहेनचा तो लांबलचक हायरोड सरळ असूनही सपाट नाही, दोन स्फिअरच्या मधलं अंतर तुम्हाला अंगात जाणवतं. मग गेमच्या शेवटच्या टप्प्यात काम लँड्स (Calm Lands) नावाच्या मैदानातला मॉन्स्टर अरीनावाला म्हातारा सांगतो की जगभरचे राक्षस पकडून आण, एकेका जातीचे दहापर्यंत, आणि तुम्ही ज्या रस्त्यांवरून एकदा गेलात त्याच रस्त्यांवर परत जाता, आता शिकारी म्हणून. रस्ता तोच सरळ, पण लढाईने त्याला दुसरं कारण दिलं. (थंडर प्लेन्समध्ये सलग दोनशे विजा चुकवायला लावणाऱ्या माणसाला मात्र मी आजही माफ केलेलं नाही, त्याचा या लेखाशी संबंध नाही.)

थर्टीनमध्ये प्रत्येक लढाईनंतर सगळ्यांचा एचपी आपोआप पूर्ण भरतो. हरलात तर लढाईच्या दोन पावलं आधी उभे राहता. गावं जवळपास नाहीतच, दुकानं सेव्ह पॉइंटमध्येच कोंबलीयत. कॅरेक्टर किती वाढू शकतो यालाही चॅप्टरगणिक मर्यादा घातलेली आहे, म्हणजे रेंगाळून जास्त ताकद कमवू म्हटलं तर तेही नाही. आणि मागच्या जागी परत जाता येत नाही. म्हणजे लढाईतून रस्त्यावर काहीच येत नाही, आणि रस्त्यावरून लढाईत जवळपास काहीच जात नाही. मग तो रस्ता कशाला आहे? दोन लढायांच्या मध्ये स्टिक पुढे दाबून धरायला. इतका सुंदर रस्ता, त्या काचेसारख्या गोठलेल्या तळ्यावरून चालताना मी स्वतः थांबून बघत बसलो होतो, पण तो वॉलपेपर होता.

इथे थर्टीनवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो, आणि तो मी मनापासून मान्य करतो. त्यांचं म्हणणं असं की हीच तर खुबी आहे. तुम्ही प्रत्येक लढाईला पूर्ण ताकदीने येणार हे डिझायनरला माहीत असेल, तर तो प्रत्येक लढाई नेमकी तासून बनवू शकतो. जुन्या गेममध्ये साध्या लढाया मुद्दाम मिळमिळीत ठेवाव्या लागायच्या, कारण अशा तीस लढाया झेलून माणसाला बॉसपर्यंत, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या दांडग्या शत्रूपर्यंत, पोचायचं असायचं. थर्टीनमध्ये रस्त्यावरचा साधा सैनिकसुद्धा तुम्हाला पॅराडाइम, म्हणजे कोणी मारायचं आणि कोणी बरं करायचं याची मांडणी, बदलायला लावतो, आधी रॅव्हेजर लावून चेन, म्हणजे शत्रू किती खिळखिळा झाला याचं माप, वाढवा, कमांडोने ती टिकवा, स्टॅगर झाला, म्हणजे शत्रू कोलमडला, की तुटून पडा, मध्येच मेडिक, आणि शेवटी पाच स्टारपैकी किती मिळाले ते बघा. एकेक लढाई सुटी काढून तोलली तर थर्टीन टेनला भारी पडतो, हे मी लिहून द्यायला तयार आहे. ऑटो-बॅटल आहे म्हणून गेम स्वतःच खेळतो असं म्हणणाऱ्यांनी तो पुढपर्यंत खेळलेला नसतो.

पण मग मला एक सांगा. हेच थर्टीनप्रेमी अकराव्या चॅप्टरबद्दल बोलताना त्यांचा आवाज का बदलतो? तिथे ग्रॅन पल्स या मोकळ्या प्रदेशात पोचल्यावर कॉम्बॅट बदलत नाही. तीच बटणं, तोच स्टॅगर, तेच आपोआप भरणं. बदलतं ते एवढंच की समोर मोकळं मैदान येतं आणि त्यावर डोंगराएवढे अ‍ॅडामँटॉइज फिरत असतात, ज्यांच्या पायाखाली आलात तर तुमचं काही खरं नाही. एका ठिकाणी बेहेमथ किंग आणि मेगिस्टोथेरियन हे दोघं आपापसातच भांडत असतात, तुम्ही मागून गुपचूप गेलात की दोघांवर प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक मिळतो आणि चेन गेज जवळपास भरलेला मिळतो. म्हणजे तुम्ही कुठून चालत आलात यावर लढाई कशी होणार हे ठरायला लागलं. चोरपावलांनी जाऊन पहिला वार करायची सोय खरं तर आधीपासून होती, पण नळीसारख्या रस्त्यात मागून जाणार कुठून? लढाई आणि वाट यांच्यातला जो धागा वीसेक तास तुटलेला होता तो इथे अर्धा का होईना जोडला, आणि लोकांना एकदम वाटायला लागलं की कॉम्बॅट आत्ता कुठे खुलला.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. तो असा की तुझं हे "उरलेलं घेऊन पुढे चालणं" म्हणजे गोंडस नावाखाली कंटाळा आहे. दर पाच पावलांना स्क्रीन फिरते, तेच चार वटवाघूळ, तोच अटॅक, तोच विजयाचा बाजा, आणि मग आठवतच नाही की आपण डावीकडून आलो की उजवीकडून. माणसं मोठी झाली, कामाला लागली, रात्री एक तास मिळतो, त्यात ग्राइंड (त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा) करायचा का? खरं आहे. रँडम एन्काउंटरने, म्हणजे चालता चालता अचानक उपटणाऱ्या लढायांनी, एक्सप्लोरेशनचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याच कॉरिडॉरने केलं नसेल, कारण ज्या कोपऱ्यात बघावंसं वाटतं त्या कोपऱ्याचीच भीती बसते. मी स्वतः कितीतरी गुहांमध्ये पेटी समोर दिसत असून सोडून दिलीय, कोण परत दहा वटवाघुळं मारणार म्हणून. पण दोष ओझ्याचा आहे की ओझं मोजण्याच्या पद्धतीचा? अ‍ॅटलसचा एट्रियन ओडिसी बघा, २००७ चा, निन्टेंडो डीएसवरचा. त्यात नकाशा तुम्हीच खालच्या स्क्रीनवर काढायचा. भुयारात एफओई नावाचे दांडगे राक्षस उघड दिसतात, तुम्ही एक पाऊल टाकलं की तेही एक पाऊल टाकतात. आणि तुम्ही साध्या लढाईत अडकलात तर तिथला प्रत्येक टर्नसुद्धा एक पाऊल धरला जातो, म्हणजे तुम्ही वटवाघूळ मारत बसलायत आणि तो दांडगा तिकडून एकेक घर जवळ येतोय, वेळेत संपवलं नाही तर लढाईच्या मध्येच येऊन उभा राहणार. आता तीच कंटाळवाणी वटवाघळं कंटाळवाणी राहिली का? कॉम्बॅट होता तसाच आहे, अगदी जुन्या वळणाचा, फक्त त्याला बाहेरच्या नकाशाचं भान आलं. म्हणून कंटाळ्यावर उपाय म्हणून धागाच कापून टाकणं हा मला आळशीपणा वाटतो.

पर्सोनाचंही तसंच. २००६ च्या पर्सोना थ्रीमध्ये टार्टारस नावाच्या मनोऱ्यात जास्त वेळ फिरलं की पोरं थकायची, थकलेल्यांना घेऊन लढणं धोक्याचं, म्हणून आजची रात्र इथे थांबवायची का हा निर्णय असायचा. त्याच गेमच्या नव्या आवृत्तीत, २०२४ च्या रीलोडमध्ये, लढाया जास्त देखण्या आणि वेगवान झाल्या, आणि थकवा काढून टाकला. सोय झाली, नक्कीच, थकव्याचं गणित बऱ्याचदा लहरी होतं. पण मनोऱ्याचा खुला असेल तेवढा भाग एका दमात चढता यायला लागला आणि त्याचं एकसुरीपण उघडं पडलं.

आता माझ्याच विरुद्धचं सगळ्यात अडचणीचं उदाहरण मी स्वतःच पुढे ठेवतो, नाहीतर कोणीतरी ठेवेलच: झेनोब्लेड क्रॉनिकल्स, मोनोलिथ सॉफ्टचा, २०१० चा. इथेही लढाई संपली की एचपी भराभर भरतो. मेलात तर जवळच्या लँडमार्कवर उभे राहता, काही गमावत नाही. फास्ट ट्रॅव्हल जवळपास कधीही. थर्टीनला मी ज्या गोष्टींसाठी झोडपलं त्यातल्या महत्त्वाच्या इथे आहेत, आणि तरीही याचं फिरणं या जातीतल्या सगळ्यात गाजलेल्या फिरण्यांपैकी एक. मग माझा मुद्दा फुसका का?

मला वाटतं उलट इथेच तो नीट कळतो. धागा एकाच सुताचा असावा असं कुठे लिहिलंय? ड्रॅगन क्वेस्टमध्ये तो झिजेचा होता, झेनोब्लेडमध्ये तो भीतीचा आणि नजरेचा आहे. गॉर प्लेन नावाच्या कुरणात तुम्ही नवखे असताना पोचता आणि तिथे टेरिटोरियल रॉटबार्ट नावाचा एक माकडतोंड्या धिप्पाड प्राणी फिरत असतो, लेव्हल ८१. तो तुम्हाला एका फटक्यात संपवतो. कोणी राक्षस बघून अंगावर येतो, कोणी आवाज ऐकून, कोणी जादूचा वास लागला की, आणि कोण कसा हे त्याच्या नावाशेजारच्या खुणेवरून कळतं. त्यामुळे चालतानाच तुम्ही लढत असता, कुणाच्या पाठीमागून जायचं, कुठे पाय न वाजवता जायचं, कुठल्या कड्यावरून उडी मारून वळसा वाचवायचा. आणि याउपर, नवीन जागा नुसती सापडली तरी एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो! म्हणजे फिरणारा माणूस फिरण्यामुळेच लढाईला तगडा होतो. यापेक्षा सरळ पूल दुसरा कुठला बांधणार? मग कितीतरी तासांनी लेव्हल वाढवून तुम्ही मुद्दाम त्या माकडाकडे परत जाता, हिशेब चुकता करायला.

अर्थात नुसता धागा असून भागत नाही, तो कसा विणलाय तेही बघावं लागतं. याच मालिकेतला २०१७ चा झेनोब्लेड टू. त्यात एखादा दरवाजा किंवा दगड ओलांडायला ठराविक फील्ड स्किल (वाटेत लागणारं कौशल्य) असलेले ब्लेड, म्हणजे लढाईतले साथीदार, पार्टीत लागतात, आणि ते ब्लेड मिळणं बरंचसं नशिबावर. तांत्रिकदृष्ट्या हे लढाईच्या टीमचं आणि वाटेचं नातं आहेच, पण अनुभव काय? दगडासमोर थांबा, मेनू उघडा, तीन जणांचे ब्लेड बदला, दगड फोडा, परत मेनू उघडा, आधीचे ब्लेड लावा. मला त्या दगडांपेक्षा थर्टीनचा मोकळा कॉरिडॉर बरा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

याउलट बाराव्या फायनल फँटसीत एक इतकी छोटी गोष्ट आहे की बरेच जण पूर्ण गेम खेळून ती विसरतात. २००६ चा हा गेम, लढाईची वेगळी स्क्रीन नाही, मैदानातच तलवार बाहेर. त्यात तुम्ही चालत राहिलात की एमपी हळूहळू भरतो. बस, एवढंच. पण त्यामुळे वाळवंटातून चालणं म्हणजे वेळ घालवणं राहत नाही, ते जादू परत कमवणं होतं. आजूबाजूला एलिमेंटल नावाचे चमकणारे गोळे तरंगत असतात, ते तुम्हाला काही करत नाहीत, पण तुम्ही जवळ जादू वापरलीत की चवताळून अंगावर येतात. सुरुवातीच्याच वाळवंटात एक डायनासोरसारखा प्राणी हिंडत असतो, त्याला छेडलं नाही तर तोही आपल्या वाटेने जातो. म्हणजे लांडग्याशी लढताना बरं करायची जादू टाकायची की नाही हे आजूबाजूला कोण आहे बघून ठरवायचं. गॅम्बिटमुळे, म्हणजे साथीदारांना आधीच लिहून दिलेल्या हुकमांमुळे, हा गेमही "स्वतःच खेळतो" म्हणून हिणवला गेला, पण गॅम्बिट लिहिणं म्हणजे निघण्याआधी रसदेचा विचार करणंच नाही का?

म्हणूनच "टर्न-बेस्ड मेला की जिवंत आहे" या भांडणाचा मला आता कंटाळा आलाय. २०२३ ला फायनल फँटसी सिक्स्टीन आला तेव्हा जुने लोक म्हणाले अ‍ॅक्शन केलं म्हणून वाट लागली, नवे म्हणाले कमांडच्या याद्या आता कोण वाचणार. दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवत होते. सिक्स्टीनचं कॉम्बॅट डेव्हिल मे क्राय फाइव्हवर काम केलेल्या र्‍योता सुझुकी यांनी बांधलंय आणि हात बसला की ते अफलातून आहे. पण त्यात शत्रूला आगीची किंवा बर्फाची कमजोरी नाही, विषबाधा-आंधळेपणा असलं काही नाही, त्यामुळे तुम्ही कुठल्या प्रदेशात आहात याच्याशी लढाईला घेणंदेणं उरत नाही. एवढी मोठी मैदानं आणि कोपऱ्यातली पेटी उघडली की बऱ्याचदा थोडं सोनं नाहीतर कच्चा माल. मग माणूस दहाव्या पेटीनंतर कोपऱ्यात जाणं बंद करतो, आणि बरोबरच करतो. यात अ‍ॅक्शनचा काय दोष?

दोष अ‍ॅक्शनचा नाही याचा पुरावा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने देऊन ठेवलाय. (त्यांच्या डार्क सोल्सला जपानी आरपीजी म्हणायचं का हा वाद कृपया दुसऱ्या कोणाशी घाला.) २०११ च्या पहिल्या डार्क सोल्समध्ये निम्मा गेम होईपर्यंत एका बोनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर वार्प करता, म्हणजे क्षणात जाता, येत नाही. बरं करणारा एस्टस मोजका. म्हणून अनडेड पॅरिशच्या चर्चमधली लिफ्ट खाली उतरते आणि समोर सुरुवातीचं, ओळखीचं फायरलिंक श्राइन दिसतं, तेव्हा जो सुटकेचा श्वास निघतो तो कुठल्या बॉसला मारूनही निघत नाही. तिसऱ्या भागात वार्प पहिल्यापासून आहे, बॉस जास्त चांगले आहेत, हात जास्त वेगाने चालतो, आणि तशी एकही लिफ्ट मला आठवत नाही. आता कोणी म्हणेल की बॉसकडे परत परत धावत जाण्यात कसली मजा, आणि तेही खरंच, एल्डन रिंगने म्हणूनच बऱ्याच बॉसजवळ मारिकाचे खांब रोवले, की मेलात तर इथेच उठा. पण त्याच एल्डन रिंगमध्ये शत्रूंची अख्खी टोळी साफ केली की फ्लास्क (बरं करणाऱ्या बाटल्या) परत भरतात. म्हणजे जिथे धागा नुसता काचत होता तिथे सैल केला आणि उघड्या मैदानात, जिथे पुढे जायचं की मागे हा प्रश्न पडतो, तिथे घट्ट केला. असा विचार करणारा डिझायनर मार्कांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवणार?

माझा एक मित्र आहे, पक्का तक्तेवाला. फायनल फँटसी सेव्हन रीमेकबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं: कॉम्बॅट अप्रतिम, लेव्हल डिझाइन टुकार, नळ्याच नळ्या. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मी त्याला म्हटलं हार्ड मोड खेळ. एकदा गेम संपवला की तो उघडतो. नकाशे तेच, नळ्या त्याच, बटणंही तीच. शत्रू जास्त दणकट होतात हे आहेच, पण खरा बदल दुसरा आहे: आयटम वापरता येत नाहीत, आणि बाकावर बसून आराम केला तरी एचपी भरतो, एमपी भरत नाही. त्याने तीन आठवडे घेतले. या काळात त्याचे मला जे मेसेज यायचे त्यात बॉसबद्दल कमी आणि वाटेबद्दल जास्त असायचं. क्लाउडकडे किती एमपी उरलाय, एअरिथची प्रार्थना कधी वापरायची, या दोन सैनिकांना टाळून जाता येईल का. नॉर्मलमध्ये ज्या शिन्राच्या पेट्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या फोडल्यावर माकोचे तुकडे पडतात आणि थोडासा एमपी मिळतो, हे त्याला आता कळलं. सतराव्या चॅप्टरमध्ये, त्या होजोच्या लॅबमधल्या कंटाळवाण्या म्हणून बदनाम झालेल्या भागात, तो प्रत्येक खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन पेट्या शोधत होता आणि मला रात्री साडेबाराला लिहीत होता की मागच्या गल्लीत एक राहिलीय बहुतेक, परत जाऊन येतो.